एकदा टकटक म्हणजे हो

आमच्या ओपीडीत नव्या पेशंटला
पहिल्या दिवशी सात खिडक्या लागतात.
मी मोजल्यात,
पिशवी खांद्याला लावून, स्वतःच आजारी असल्यासारखी,
मे महिन्यात, नागपूर सेहेचाळीसवर असताना.
चारवरून अकराला, अकरावरून तळघरात,
तळघरातून "साहेब जेवायला गेले" पर्यंत.

डुलीचंद बिसेन गोंदियाकडून तीनदा आले.
पहिल्यांदा स्लाइड नव्हती,
ती धंतोलीच्या लॅबमध्ये, पावती घरी.
दुसऱ्यांदा स्लाइड होती, दातांचा कागद नव्हता.
तिसऱ्यांदा सगळं होतं आणि बुधवार होता.
बोर्ड गुरुवारी बसतो,
हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.
मी विचारलं, रात्री कुठे थांबाल?
"टेसनवर. काहून जी?"
बोटभर उघडत होतं तोंड,
त्यातून एवढंच मावलं.

खर्ऱ्याची पन्नी अजून शर्टाच्या खिशात होती.
मला दिसली. मी बोलले नाही.
त्यांनाही दिसलं की मला दिसली.

त्या रात्री लेकीची भूगोलाची वही घेतली, अर्धी कोरी.
एका पानावर एक माणूस.
नाव, गाव, परतीची गाडी,
घरात वाचता कोणाला येतं,
फोन कोणाचा, तो घरी कधी असतो,
स्लाइड कुठे आहे,
रडतं कोण, ठरवतं कोण.
डॉक्टर साबळे म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये आहे की सगळं.
आहे ना, सर.
पण पारबता उईकेंच्या गावचा बाजार गुरुवारी,
त्या दिवशी एकुलती जीप
उलट्या दिशेला भरून जाते,
हे त्यात कुठल्या रकान्यात टाकू?
ते हसले. मग त्यांनीच
पारबताबाईंचा कागद बोर्डापुढे ठेवला,
त्या न येताच.

वहीत एक पान आहे.
हेमराज, वय चौतीस, पत्ता कन्हानपलीकडे.
"फोन लागला नाही" माझ्याच अक्षरात, तीनदा.
चौथ्यांदा मी लावला नाही. शनिवार होता,
पाहुणे यायचे होते.
दिवाळीनंतर तो आपला आपण आला.
गाठ तोवर मानेत उतरलेली.
सर्जनबाईंनी फाइल मिटली ती अगदी हळू,
झोपलेल्याच्या खोलीचं दार लोटावं तशी.

आता रोज साडेचारला मी फोन लावते.
शनिवारीसुद्धा.
ताप आहे का, नळी तुंबली का,
ड्रेनमधलं पाणी कोणत्या रंगाचं.
"संत्र्याच्या सरबतासारखं," एक सून म्हणाली.
म्हटलं, चालेल.
डाळिंबासारखं झालं तर भाकरी तव्यावर सोडून निघ.

काल बिसेनांचा सहावा दिवस.
फोन उचलला गेला. पलीकडून आवाज फक्त कूलरचा.
बायको डेअरीवर गेली असणार,
आणि यांचा अर्धा जबडा आमच्याकडे राहिलेला.
मी म्हटलं, भाऊ, फोनवर बोट वाजवा.
एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.
कळलं?
टकटक.
ताप आहे? टकटक, टकटक.
टाके ओले? टकटक, टकटक.
नळीतून दूध नीट गेलं? टकटक.
दुखतं?
टकटक.
मग बराच वेळ कूलर.
मग आणखी एकदा, हलकेच.

आता हे 'नाही' होतं,
की दुखण्यावरचं दुसरं 'हो',
की मला वाईट वाटू नये म्हणून?
मी वहीत दोन्ही टकटकी काढल्या,
मधली जागा मोकळी ठेवून.

गुरुवारी या, म्हटलं.
सात खिडक्या नाही.
गेटमधून आत, पिंपळाच्या डाव्या हाताला,
थेट माझ्यापाशी. गाडी अकराची आहे ना?
टकटक.

त्यांनी फोन ठेवला नाही.
मीही नाही.
पुढची दहा नावं राहिली होती,
आणि पलीकडे कूलरचा पंखा
जाळीला लागून एकसारखा घासत होता.
गुरुवारी विचारायचं आहे,
कोणी तो दुरुस्त केला का.